आतला लगाम

“काका, तुमची ही गाडी आजारी आहे,” म्हणत गिऱ्हाइकाने किल्ली बसकाकांच्या हातात परत ठेवली. “सत्तरीतच धाप लागते हिला. माझ्या बायकोची स्कूटरसुद्धा हिला मागे टाकेल.”

बसकाका कधी किल्लीकडे, कधी गाडीकडे बघत राहिले. शाळेची बस चालवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. अख्खी वस्ती त्यांना बसकाका म्हणायची. पण ही लाल मोटरसायकल त्यांना पहिल्या दिवसापासून उमगली नव्हती. मुलाने ती दारात उभी केली तेव्हा मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, “बाबा, ही तीनशेच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून कंपनीच वेगाचा लगाम घालून देते. दोनशे नव्याण्णवला.”

बसकाकांच्या पायाखालची जमीनच सरकली होती. एकुलता एक पोरगा, आणि स्वार झाला होता वाघावर.

“दोनशे नव्याण्णव हा लगाम? मग मोकाट कशाला म्हणतात?” ते कडाडले होते. “लगाम काय असतो ते माझ्या बसला विचार, तिचाही वेग बांधलेला आहे. आणि सांगून ठेवतो, त्या बसच्या वेगापुढे जायचं नाही!”

मुलगा नुसता हसला होता.

गेल्या महिन्यात तो घाटाच्या वळणावर पडला. पाय दोन जागी मोडला. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं बोलणं हेच होतं, “मी तुमच्या बसच्या वेगापुढे गेलोच नव्हतो, बाबा. रस्त्यावर डिझेल सांडलं होतं.”

“मरता मरता वाचलास आणि वर खोटं बोलतोस?” बसकाका सगळ्या वॉर्डासमोर ओरडले.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच घरात दोन तोंडं मिटलेली, आणि मधल्या मध्ये आईची निरोप पोचवता पोचवता दमछाक. गाडी दुरुस्त करून विकून टाकायची, हे बसकाकांनी ठरवलं, तेही तिच्याच तोंडून मुलाला कळलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “विका म्हणावं. आणि प्लास्टर निघालं की मी पण दुसरी खोली बघतो.” बसकाकांनी ते दारातून ऐकलं. पण राग मोठा होता. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आणि आता ही गाडी धड विकलीही जाईना.

ते गाडी एका गॅरेजवालीकडे घेऊन गेले. असल्या दांडगट गाड्यांचं काम करण्यात तिचा हातखंडा होता. तिने चेन पाहिली, एअर फिल्टर काढून झटकला, प्लग बदलले, पेट्रोलची नळी फुंकून साफ केली. मग स्वतः चक्कर मारून आली आणि हेल्मेट काढून डोकं खाजवायला लागली. गाडीचा वेग होता तिथेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार.

“पडली तेव्हा काही आत तुटलं असेल?” बसकाकांनी विचारलं.

“तुटलं असतं तर आवाज आला असता. ही तर मांजरासारखी गुरगुरतेय.”

शेवटी तिने सीटखालच्या सॉकेटला वायर जोडून लॅपटॉप उघडला. बराच वेळ ती पडद्याकडे बघत होती. बसकाका तिच्याकडे. मग ती एकदम हसली.

“गाडी ठणठणीत आहे, काका. हिला कुणीतरी बांधून ठेवलंय.”

“कंपनीने ना? दोनशे नव्याण्णवला?”

“तो आहेच हो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण तेवढाही काढून मागतो. इथे कुणीतरी त्याच्या आत अजून एक घातलाय. गाडी घेतली त्याच आठवड्यात.” तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. “आणि आकडा तरी कसला! साठ समजू शकते मी, ऐंशी समजू शकते. त्र्याहत्तर कोण घालतं?”

“किती?”

“त्र्याहत्तर.”

बसकाकांनी शेजारचं स्टूल चाचपलं आणि ते खाली बसले. इस्पितळातला तो वॉर्ड, वळून बघणारे लोक आणि उशीवरचा तो पांढराफटक चेहरा त्यांना जसाच्या तसा दिसला.

“काढून टाकू का?” गॅरेजवालीने विचारलं. “चुटकीसरशी निघेल. मग बघा, गिऱ्हाइकांची रांग लागेल.”

“हात लावू नका!” ते इतक्या जोरात म्हणाले की ती दचकली.

घरी मुलगा खिडकीजवळच्या खाटेवर पडला होता. पाय लोडावर, तोंड भिंतीकडे. बसकाकांनी किल्ली त्याच्या उशीशी ठेवली. मग ते तिथेच घुटमळले. जे म्हणायचं होतं ते त्यांनी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. शेवटी त्यांनी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, “माझ्या बसच्या लगामाच्या पाटीवर आकडा कुठला आहे?”

मुलगा भिंतीशीच बोलला.

“सत्तर.”

“आणि बसचा वेग खरा अडतो कितीला?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने भिंतीवरून तोंड फिरवलं.

“त्र्याहत्तरला, बाबा. रोज जेवताना सांगायचात की.”