समासातले चाळीस

लातूरच्या क्लासचे सराव पेपर पंचशीला नांदेडात घरी बसून टाइप करायची, त्याला अकरा वर्षं झाली होती. आज क्लासच्या सरांचं पत्र आलं: यापुढं पानामागं चाळीसऐवजी तीस रुपये. "हो म्हणून टाकते," ती लेकीला म्हणाली. "याच पेपरांची प्रुफं वाचून, क्लास न लावता तुझा मेडिकलला नंबर लागला. सरांचे उपकार लई हायेत." लेकीनं प्रुफाचं लाल पेन उचललं, पत्रातल्या तिसाभोवती गोल केला, समासात चाळीस लिहिलं अन् खाली ओळ जोडली: 'सर, तुमच्या पेपरांमुळं मी डॉक्टर होणार. त्या पेपरांत चूक राहिली नाही, ती आईमुळं.' पंचशीलानं कपाळाला हात लावला; मग स्वतःच फोटो काढून सरांना पाठवला. तासाभरानं तेच पान फोनवर आलं. सरांनी चाळीस खोडून पंचेचाळीस केलं होतं; खाली लिहिलं होतं: 'चूक माझी होती.'