नव्या टायरची पकड

अंबडच्या उतारावरच्या वळणावर मालन तिसऱ्यांदा सायकलवरून पडली, तेव्हा आईने बजावलं, "आता पडलीस तर सायकल विकून टाकीन. मग शाळा सोड आणि बस घरी!" रंगनाथ मिस्त्रीने जुने गुळगुळीत टायर काढून नवेकोरे चढवले आणि म्हणाला, "टायर घासले होते पोरी, घसरणारच. आता बिनधास्त हाण."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मालनने उतारावर ब्रेकला हातसुद्धा लावला नाही. अशी सुटली म्हणता! वळणावर मागून नेहमीसारखा हिसका बसला, पण टायरांनी रस्ता असा काही धरला की सायकल तसूभरही घसरली नाही.

"कुंदे, बघितलंस? पडले नाही!" ती मागून सायकलवर येणाऱ्या मैत्रिणीला ओरडून म्हणाली. पुढे पेडल जरा जड लागायला लागलं. नव्या टायरचं असंच असणार, असं म्हणत तिने जोर लावला.

थोडं पुढे जाऊन ती थांबली आणि मागे वळून बघितलं, तर कुंदा लांबच उभी होती, पांढरीफटक पडून.

"मालन, घराकडे नको नेऊस सायकल."

"का गं?"

"वळणावर एक बाई तुला मागून ओढत होती. तू पडली नाहीस, तर आता कॅरिअरवर चढून बसलीय."