कायमचे बंद

दुकान गायब झालं होतं.

तिने मोबाइलवर चार वेळा शोधून पाहिलं. ‘जवळचे शिलाई मशीन दुरुस्ती’ असं टाकलं की काल संध्याकाळपर्यंत बाबांचं दुकान दुसऱ्या नंबरावर येत होतं. आज यादीत नव्हतंच. नाव टाकून शोधलं तेव्हा कुठे सापडलं, आणि त्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: कायमचे बंद.

“बाबा, बघा! आपण शटर उघडून बसलोय आणि इथे साऱ्या जगाला सांगतायत की दुकान बंद झालं.”

बाबा काउंटरमागे एका मशीनवर फडकं फिरवत होते. “असेल काही बिघाड,” ते म्हणाले. “चहा घे, निवतोय.”

“तिसऱ्यांदा बिघाड?”

पहिल्यांदा फोन नंबरातला शेवटचा आकडा बदलला होता. मग नकाशावरची खूण दुकानावरून उठून मागच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन बसली. एक बाई जडशीळ मशीन उचलून तिथपर्यंत गेली आणि गुडघाभर गवतात उभी राहून शिव्या देत परतली. आणि आता हे.

तिने पंधरा दिवसांची रजा याच कामासाठी काढली होती. बाबांचं आयुष्य या दुकानात गेलं, पण हल्ली मशीन अडलं की लोक आधी मोबाइल काढतात, आणि तिथे बाबा नवव्या नंबरावर. तिने पाटीचे, काउंटरचे, सुट्या भागांच्या डब्यांचे फोटो चढवले. उघडण्या-बंद होण्याच्या वेळा नीट लिहिल्या. जुन्या गिऱ्हाइकांच्या मागे लागून अभिप्राय लिहून घेतले. ‘मशीन नव्यासारखं चालतंय.’ ‘इतका सुबक टाका आधी कधी पडलाच नव्हता.’ प्रत्येकाला तिने उत्तर दिलं. आपण गेल्यावर अडायला नको म्हणून बाबांच्या मोबाइलवरही खातं उघडून दिलं, कुठे काय बदलायचं ते दाखवलं. बाबांनी कधी नव्हे ते वहीत लिहून घेतलं.

दुकान नवावरून पाचावर आलं, पाचावरून दोनावर. वर उरला फक्त शागीर्द.

त्याचं दुकान रस्त्यापलीकडे. बाबांच्या हाताखाली बारा वर्षं शिकला आणि बरोबर समोर दुकान थाटून बसला. आता त्याचे केस पिकायला लागले होते, तरी गल्लीसाठी तो शागीर्दच. लहानपणी ती त्याला दादा म्हणायची.

चहा तसाच ठेवून तिने रस्ता ओलांडला.

“अहो, जरा बाहेर येता का?”

‘अहो’ ऐकून तो दचकला. हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन तसाच दारात आला. त्याच्या मागे मशिनं दाटीवाटीने रचलेली होती. पाय ठेवायला जागा नव्हती.

“आमचं दुकान बंद झालंय असं कोणी कळवलं?”

“मी नाही, ताई.”

“मग कोणी? आम्ही खाली घसरलो की फायदा कोणाचा?”

त्याने मान वळवून त्या मशिनांकडे पाहिलं. त्याचे डोळे तांबारलेले होते.

“तुमचं दुकान वर चढलं की माझी झोप उडते, हे खरं,” तो म्हणाला. “पण मी हात लावलेला नाही. उस्तादांची शपथ.”

“त्यांचं नाव तुम्ही घेऊ नका.”

ती तरातरा परत आली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. उभ्या उभ्याच तिने तक्रार लिहिली, पाठवली आणि दर दोन मिनिटांनी मोबाइल उघडून पाहत राहिली. बसवेना, खाववेना. दुपारी उत्तर आलं. दुकान चालू असल्याचा व्हिडिओ हवा होता: पाटी, उघडं शटर आणि मालक स्वतः काम करताना. सलग, मध्ये न थांबवता.

“उद्या करू,” बाबा म्हणाले.

“गिऱ्हाइकाला उद्या, मलाही उद्याच! उद्या माझी गाडी आहे, बाबा.”

बाबांनी शर्ट बदलला. केस विंचरले. हात धुतले, पुसले, पुन्हा धुवायला गेले. ती दारापासून काउंटरपर्यंत येरझारा घालत होती. शेवटी तिने खुर्ची ओढून मशीनसमोर ठेवली.

“नेहमीसारखं करा. खोला, साफ करा, बसवा. पाच मिनिटांचं काम.”

तिने पाटीपासून सुरुवात केली. शटर दाखवलं, मग आत आली. बाबांनी मशीनची पट्टी काढली, सुई काढली, शटल काढलं. एकेक भाग फडक्यावर ओळीने मांडत गेले. हात असे झरझर चालत होते की तिचा ऊर भरून आला. हे बघा म्हणावं, दुकान बंद झालंय म्हणणाऱ्यांनो.

मग हात थांबले.

“आता बसवा, बाबा.”

बाबांनी शटल उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि खाली ठेवलं. सुई उचलली, तीही ठेवली. एक स्क्रू चिमटीत धरून ते बराच वेळ बसले.

“सलग हवंय त्यांना. थांबू नका ना.”

बाबांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

“बंद कर ते,” ते हळूच म्हणाले. “खोलता येतं गं मला अजून. बसवायला घेतलं की कुठला भाग आधी, तेच आठवत नाही. वर्ष होत आलं. आलेलं प्रत्येक मशीन मागच्या दाराने समोर जातं. शागीर्द स्वतःचं काम आटोपून ते बसवतो आणि कुठे ब्र काढत नाही. तू गिऱ्हाइकं वाढवत गेलीस, तो एकटा किती मरणार? म्हणून दुकान मीच बंद केलं.”