ज्याचं कुलूप त्याची किल्ली

खड्ड्यात उताण्या पडलेल्या इंजिनिअरच्या नाकापासून वीतभरावर लिफ्टचा प्लॅटफॉर्म येऊन थांबला. खाली लोखंडी टेकू होता म्हणून थांबला, नाहीतर साहेबाचा भुगाच व्हायचा.

माल चढवायच्या लिफ्ट गावोगाव फिरून दुरुस्त करणारा हा माणूस. वीस वर्षं हातात पाना आणि तोंडात उपदेश. आज मात्र संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून त्याने टेकू एक खाच खाली लावला. जुन्या दोन्ही नळ्या, एक तेलाच्या जोरावर प्लॅटफॉर्म चढवणारी आणि एक उतरवणारी, सोडल्या तसं तेल वाहिलं आणि प्लॅटफॉर्म टेकूवर बसला. नव्या नळ्या त्याने पडल्यापडल्या, चाचपडतच जोडल्या. पण बाहेर निघायची फट आता एवढीशी, की मांजरही अंग चोरून जाईल.

सगळा कारखाना जेवायला गेलेला. उरला एकटा झाडूवाला. नशीब तरी कसं बघा, दोन वर्षांपूर्वी हीच लिफ्ट तो चालवायचा. साहेब असाच खाली असताना त्याने मेन स्विचला साहेबाने लावलेलं कुलूप दुसऱ्या किल्लीने उघडलं होतं, मुकादम घाई करत होता म्हणून. साहेबाने चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली. ज्याचं कुलूप त्याचीच किल्ली, आणि खाली माणूस असेपर्यंत वीज बंद, हे त्याच्याकडून दहादा वदवून घेतलं. एवढ्यावर भागलं नाही, तर वर तक्रारीचा कागदही धाडला. बटणावरचा हात झाडूवर आला.

आता साहेबाने स्वतःच खिशातली किल्ली फटीतून बाहेर सरकवली.

"कुलूप उघड आणि वर न्यायचं बटण दाब. मिनिटाचं काम आहे."

झाडूवाला उकिडवा बसून आत डोकावला. किल्लीला त्याने बोटही लावलं नाही.

"नाही साहेब. खाली माणूस आहे. तुम्हीच शिकवलंत."

आणि उठून चालता झाला.

साहेबाने आधी हुकूम सोडले, मग शिव्या, मग गयावया. ऐकायला फक्त भिंती. तेल मानेवरून पाठीत उतरत होतं. कूस बदलायला जागा नव्हती. टेकू मधूनच करकरत होता. मेला डूख धरून बसला होता, आज बरोब्बर डसला, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं, असंही वाटलं.

अर्ध्या तासाने झाडूवाला घामाघूम होऊन परतला. फाटकाबाहेरच्या ट्रकवाल्याचा जॅक त्याने खांद्यावरून आणला होता. जॅक प्लॅटफॉर्मखाली लावून तो दांडा फिरवत राहिला. फट बोटाबोटाने वाढली. साहेब सरपटत बाहेर आला, तेव्हा कुठे त्याने जॅक काढून घेतला.

आभार राहिले बाजूला.

"एका बटणाचं काम होतं," साहेब फणकारला. "अर्धा तास कुजवलंस मला. आता बघ."

त्याने किल्ली उचलली, कुलूप काढलं आणि वर न्यायचं बटण दाबलं.

प्लॅटफॉर्म वर जायचा तो खाली आला. टेकू काडीसारखा वाकला आणि लोखंड खड्ड्याच्या तळाला भिडलं. चाचपडत जोडलेल्या नळ्यांची अदलाबदल झाली होती.

साहेबाने वीज बंद करून कुलूप परत लावायला घेतलं, पण दोनदा प्रयत्न करूनही ते कडीत जाईना. झाडूवाल्याने ते लावून दिलं आणि किल्ली साहेबाच्या खिशात टाकली.