वरचं पाणी

कॉलेजच्या सल्लागार हॉगन मॅडमनी पत्रक फिरवून युलालियासमोर सरकवलं. ‘जीवशास्त्र का शिकावं?’ खाली पांढऱ्या कोटातले पाच हसरे चेहरे.

“नर्सिंग, औषधं, वनखातं, प्रयोगशाळा, शाळेत शिकवणं,” मॅडम एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत म्हणाल्या. “जीवशास्त्राला मरण नाही बघ. पण तुझं वेगळं आहे. पदरात लेकरू, वर नोकरी. रसायनशास्त्र नि गणित चार वर्षं कुठे ओढत बसतेस? दवाखान्यातल्या मदतनिसाचा कोर्स घे. नऊ महिने, संपला विषय. इंग्रजी तर छानच बोलतेस.”

“मी इथेच जन्मले, मॅडम. ओरेगनमध्येच.”

तिच्या चार वर्षांच्या लेकीचा, नायेलीचा हात स्टेपलरकडे चालला होता. युलालियाने न बघताच स्टेपलर उचलून लांब ठेवला.

“फॉर्म द्या. जीवशास्त्राचा.”

मॅडमनी उसासा सोडून फॉर्मांचं अख्खं पॅडच पुढे केलं. “कारणाला दोन ओळी आहेत. ‘सजीवांची आवड’ असं लिही. सगळी पोरं तेच लिहितात.”

“मला आवड नाही.”

“मग कशाला शिकतेस?”

“खाडीवर कालवांची पैदास करणारी हॅचरी आहे, तिथे मी पिल्लं धुते. सहा वर्षं झाली. टाकी चाळणीवर रिकामी करायची, पिल्लं धुवायची, परत सोडायची. लिंबाएवढ्या गोळ्यात लाखो जीव असतात. सोमवारी एका टाकीच्या तळाच्या पाण्याला तार धरलेली दिसली, पाकाला धरते तशी. ब्रेट म्हणून आमचा साहेब आहे. त्याला म्हटलं, ही मरतायत, टाकी वेगळी करा. त्यानं ग्लासभर पाणी काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि म्हणाला, ‘ठणठणीत आहेत. तू आपली चाळण्या धू.’”

“अगं, पण तपासलं ना त्यानं?”

“वरचं पाणी तपासलं. टाकी ढवळलीच नाही. वर पोहतात ती जिवंतच असणार की. मेलेली खाली बसतात.” तिचा आवाज चढला तसं शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. “बुधवारपर्यंत सहा टाक्या गेल्या. अहवाल ब्रेटनं लिहिला. कारण काय, तर चाळण्या नीट धुतल्या नव्हत्या. आणि खाली माझं नाव.”

“मग सांगायचंस ना वरती.”

“सांगितलं. मॅनेजर म्हणाला, ‘ब्रेट जीवशास्त्र शिकलाय. तू काय शिकलीस?’”

मॅडमनी चष्मा काढला. “सही केलीस त्या अहवालावर?”

“केली. हिच्या दम्याचा पंप त्या नोकरीच्या विम्यावर येतो.”

नायेली आईच्या कुशीत सरकली. युलालियाने एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने पेन उचललं. दोनपैकी एकच ओळ तिला पुरली.

‘पुढचा अहवाल मला लिहायचा आहे.’

मॅडमनी वाचलं. मग त्यांनी तो फॉर्म पॅडवरून फाडून बाजूला ठेवला.

“खरं असेल गं हे. पण कागद विभागात जातो. रागानं लिहिलंय असं वाटेल त्यांना. दुसरा भर, शांतपणे.”

युलालियाने पॅड पुन्हा पुढ्यात ओढलं. नाव, पत्ता, जन्मतारीख. कारणाच्या ओळीवर तेच वाक्य, एकेक अक्षर सावकाश. पेन इतकं दाबून, की खालच्या कोऱ्या फॉर्मांवरही ते उमटत गेलं.