न्हाणीतली शेवंड

“ह्ये किरडू माज्या न्हाणीतनं आत्ताच्या आत्ता भाईर काढ,” नागव्वा म्हणाली.

ओल्या गोणपाटात जिवंत शेवंड करकर वाजत होती. समुद्रातल्या झिंग्याच्या जातीची, पण हातभर लांब, अंगभर काटे, काठीसारख्या दोन मिशा. सुनेचा भाऊ भिकाजी सकाळीच रत्नागिरीच्या गाडीनं ती घेऊन उतरला होता. विजयमालेला पाचवा लागला होता. माहेरानं डोहाळ्यासाठी धाडलेली.

“आत्याबाई, संध्याकाळपर्यंत राहू द्या. हात मात्र लावू नका,” विजयमाला म्हणाली आणि गोणपाटावर मिठाचं पाणी शिंपडू लागली.

“हात लावतीया माजी चप्पल! लिंगायताच्या घरात समुद्रातला इंचू शिजवनार व्हय?”

“शिजवणार असं मी कधी म्हटलं?”

“मग मीठ कशापायी? लोनचं घालाय?”

विजयमालेनं गोणपाटाची कड नीट दुमडली. “तुम्हाला सांगून काय उपयोग!”

लग्न झाल्यापासून हे असंच. एकीचा शब्द दुसरीला काट्यासारखा टोचायचा. लेक बसवराज नोकरीला रत्नागिरीला गेला आणि बायको घेऊन आला, हे नागव्वाच्या गळ्याखाली अजून उतरलं नव्हतं.

“ध्येनात ठेव,” ती म्हणाली. “त्ये तुज्या पोटात गेलं, तर त्या पोराला मी मांडीवर घेनार न्हाय.”

त्या दिवशी नागव्वाचा सोमवार होता. पायाखाली मुंगी आली तरी पाऊल उचलून धरणारी ती बाई. पण आज तळहातावर लिंग आणि कानात ती करकर. जितं जनावर मिठात मुरतंय आणि आपण बेल वाहतोय, हे कसलं व्रत? त्याचा तळतळाट नातवाला भोवला म्हणजे?

दुपारी भिकाजी स्टँडवर गेला. विजयमाला खोलीत आडवी झाली. नागव्वानं मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली, गोणपाट पदराखाली धरलं आणि नवी पेठेतल्या गर्दीतून तरातरा सिद्धेश्वराचं तळं गाठलं. दुष्काळ सरून तळं यंदा भरलं होतं.

पायरीवर बसून तिनं गोणपाट उलगडलं. शेवंड उताणी झाली. शेपटीखाली तांबडा, दाणेदार मसाला गच्च भरलेला!

“शिव शिव! जित्या जिवाला मसाला भरला गं सटवीनं!”

तिला हुंदकाच आला. लेकराचं अंग धुवावं तशा हातानं तिनं तो मसाला चोळचोळून काढला. लई चिकट होता. एक दाणा राहू दिला नाही. मग शेवंड पाण्यात सोडली.

“जा बाई. सुटलीस.”

घरी येऊन ती डोक्यावरून न्हाली. उपास असून पोट भरल्यासारखं वाटत होतं. सून उठून काय बोलते ते ऐकायला ती मुद्दाम दारातच बसली.

आधी भिकाजी आला, घाईघाईनं.

“परतीची गाडी लागलीय, आई. गोणपाट तेवढं द्या.”

“परत? कशाला?”

“दर्यात सोडायची ना तिला. खारं पाणी नसलं तर घटकाभर जगायची नाही. ताईनं तर सकाळी तिला उताणी करून बघितलं नि रडायलाच लागली. म्हणाली, ही माझ्यासारखीच आहे रे भिका, हिला घरी पोचव. शेपटीखाली ही एवढी तांबडी अंडी होती, आई. हजारांनी.”