न धुतलेला

"पिशवी एकदाच उघडायची," काकू म्हणाल्या. "उघडली की थोडा जातो तो."

गंधकाराने मान हलवली. अत्तरांच्या कंपनीतली त्याची लॅब. बाटल्यांच्या मांडणीसमोर काकू स्टुलाच्या कडेवर अवघडून बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तोंडाला करकचून गाठ. आत पिंट्याचा शर्ट. पिंट्या म्हणजे काकूंचा मुलगा. तो गेला त्याच्या आदल्या दिवशीचा शर्ट काकूंनी धुवायला काढलाच नव्हता. गंधकाराने फोनवर मागितला, तेव्हा म्हणाल्या, देणार नाही, दाखवायला आणीन.

मार्केटिंगची बाई मात्र घाईत होती. "सर, दुपारी साहेबांपुढे ठेवायचंय. गेल्या खेपेला आपण बाटलीवर इंद्रधनुष्य काढलं, तर गे लोकांनीच विचारलं, आत काय आहे, फिनेल? यंदा तसं नको. यंदा घर दाखवायचं. दोन उशा, दोन टूथब्रश, एक बाटली. दोन पुरुष, दोन पगार, पोरंबाळं नाहीत. आमच्या धंद्यात याला लॉटरी म्हणतात." मग तिचं लक्ष काकूंकडे गेलं आणि तिने जीभ चावली. "तुम्ही सरांच्या कोण?"

"माझ्या मुलाचा मित्र आहे हा," काकू म्हणाल्या. इतकी वर्षं हेच म्हणत आल्या होत्या.

बाईने टेबलावरची, अत्तरात बुडवलेली कागदाची पट्टी उचलून नाकाशी नेली.

"छान आहे. पण सर, राग मानू नका, हा एकट्या माणसाचा वास येतो."

त्याला ते ठाऊक होतं. जाहिरात हे निमित्त होतं. हा वास तो कधीपासून जुळवत होता. सगळं घालून झालं होतं. दाढीचा साबण, इस्त्रीची वाफ, पिंट्या चित्रकलेचा मास्तर, म्हणून खिशातला पेन्सिलींचा भुसा, मानेवरच्या घामातला जिऱ्यासारखा झोंबरेपणा. तरी पट्टी नाकाशी नेली की पिंट्या दारापर्यंत यायचा. आत यायचा नाही.

त्याने बाही वर सारली आणि कोपराच्या खळगीत नाक खुपसलं.

"हे रे काय?"

"नाक कोरं करतोय, काकू. सारखं हुंगून ते बधिर होतं. मग स्वतःचा वास घ्यायचा. तो आपल्याला कधी येतच नाही. पाटी पुसल्यासारखं होतं."

काकूंनी गाठ सोडली. तो वाकला.

पिंट्या सरळ आत आला. चपला न काढता, नेहमीसारखा. गंधकाराने टेबलाची कड घट्ट धरली. मग कोपर. मग पट्टी. पुन्हा दार.

"काय कमी पडतंय?" काकूंनी विचारलं.

"तेच कळत नाही."

"मी बघू का?" बाई पुढे झाली.

काकूंनी पिशवी पोटाशी ओढली. "हा नमुना नाही बाई." मग त्यांनी स्वतःच आधी पट्टी हुंगली, नंतर शर्टाची कॉलर. कितीतरी वेळ.

"टाळू हुंगायचे त्याची, तेव्हापासून ओळखते मी," त्या पट्टीकडे बोट करत म्हणाल्या. "हा पिंट्याच आहे. पण घर सोडून गेला त्याच्या आधीचा." बोट कॉलरकडे गेलं. "इथे आणखी कोणीतरी आहे. सुट्टीला यायचा तेव्हा हा वास घेऊन यायचा. मला वाटायचं, बाहेरचं काहीतरी लागलंय माझ्या पोराला. आल्या आल्या बॅग उपसायचे आणि सगळे कपडे भिजवायचे. घासून घासून घालवायचे."

त्या उठल्या. गंधकाराचा हात त्यांनी मनगटाशी धरला, आणि पाळण्यातल्या मुलाला हुंगावं तसं त्याच्या कोपराच्या खळगीत नाक टेकवलं. बाईने वाजणारा फोन पालथा घातला.

"हाच," काकू म्हणाल्या.

गंधकाराने सवयीने कोपर नाकाशी नेलं. काही नाही. कोरी पाटी.

त्याने पट्टी दुमडून खिशात टाकली आणि बाटलीला बूच लावलं.

"सर?" बाई हळूच म्हणाली. "साहेबांना काय सांगू?"

"नमुना बिघडला म्हणून सांगा. दुसरा करून देतो."

तिने पालथा फोन उचलला. मग दार अलगद ओढून घेऊन गेली.

काकू पिशवीला गाठ मारत होत्या. मारता मारता त्यांचे हात थांबले. त्यांनी गाठ पुन्हा सोडली आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून त्याच्यापुढे धरलं.

"तुझा शर्ट काढ."

"काकू?"

"अंगातला. आणि लवकर काढ, तो जातोय."